दसऱ्यापर्यंतची मुदत : एक जाहीर इशारा

राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, जिल्हा परिषदांचे आरोग्य अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी आणि गावोगावी दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे.

निवेदनं देऊन झाली. आवक शिक्का मारलेल्या पोचपावत्यांनी माझी एक फाईल भरली आहे. आढावा बैठकांत बोलून झालं, 'नोंद घेतली आहे' हे उत्तरही ऐकून झालं. आता जे सांगायचं ते चारचौघांत सांगते, म्हणजे 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं पुढे कुणाला म्हणता येणार नाही.

मी चौदा वर्षं एका ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते. कागदोपत्री ते आयसीटीसी. येणारे लोक नुसतंच 'अकरा नंबर' म्हणत, कारण खोलीचा नंबर तो होता आणि त्यापुढचा शब्द तोंडातून काढायची भीती वाटे. त्या खोलीत माझ्यासमोर बसलेला माणूस बहुतेकदा खंगलेला असे. सोबत आलेला भाऊ किंवा बाप सांगे, 'मॅडम, ह्यानं फार उशीर केला बघा.' सुरुवातीला मीही तसंच समजत होते. मग मी त्यांच्या पिशवीतले जुने केसपेपर तारखेनुसार लावून पाहायला लागले, आणि माझं मत कायमचं बदललं. माणूस वेळेवर आला होता. वर्षभर येत होता. उशीर तपासणीला झाला होता.

एका टेम्पोचालकाचे कागद मला अजून पाठ आहेत. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. वय एकतीस. पहिला कागद गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा : पाठीपासून छातीपर्यंत डाव्या बाजूला नागीण. तरुण माणसाला नागीण झाली तर त्याची प्रतिकारशक्ती कशाने घटली याची चौकशी करावी, हे डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. घरच्यांनी गेरू लावला, दवाखान्यानं मलम दिलं, चौकशी कुणीच केली नाही. दुसरा कागद खासगी दवाखान्याचा : पंधरा दिवस जुलाब, सलाइन. तिसरा पुन्हा आरोग्य केंद्राचा : तोंडात पांढरा थर, घास गिळवत नाही, बी-कॉम्प्लेक्स. चौथा, पाचवा, सहावा : ताप, टायफॉइडची तपासणी, अँटिबायोटिक, पुन्हा सलाइन. पहिल्या कागदावर वजन ६४ किलो, सहाव्यावर ५१. अकरा महिन्यांत सहा वेळा तो डॉक्टरांपुढच्या स्टुलावर बसून उठला. सातव्या वेळी त्याला दोघांनी धरून आमच्याकडे आणला. बोटातून थेंबभर रक्त घेतलं. अर्ध्या तासात कळलं. प्रतिकारशक्ती सांगणारा सीडीफोर अवघा ३८ आला. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला होता. सिव्हिलला हलवल्यावर नवव्या दिवशी तो गेला.

त्याची बायको चार महिन्यांची बाळंतीण होती. पोटुशी असताना तिसऱ्या महिन्यात तिची तपासणी झाली होती आणि ती निगेटिव्ह आली होती. 'मालकांनाही घेऊन या' असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. आता तिची तपासणी पॉझिटिव्ह आली, आणि बाळ अंगावर पीत होतं. अठराव्या महिन्यात त्या बाळाचा अंतिम अहवाल निगेटिव्ह आला, तेव्हा मी अकरा नंबरचं दार लावून घेऊन रडले. बाप मरायला टेकेपर्यंत त्या लेकरासाठी कुणीही काही वेळेवर केलं नव्हतं. ते वाचलं हे त्याचं नशीब. लोकांच्या लेकरांना नशिबावर सोडण्यासाठी सरकार आरोग्य केंद्रं बांधत नाही.

त्या टेम्पोचालकाच्या मृत्यूच्या दाखल्यावर टीबी लिहिलं आहे. खरं कारण त्या सहा केसपेपरांवर आहे.

काही जण अजूनही म्हणतात, कळून तरी काय उपयोग? एके काळी या प्रश्नात तथ्य होतं. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून देशातले पहिले एचआयव्हीबाधित नमुने उजेडात आले, तेव्हा तपासणी म्हणजे नुसतीच वाईट बातमी होती. ते दिवस संपून दोन दशकं झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा सीडीफोर ठरलेल्या आकड्याच्या खाली उतरेपर्यंत गोळी सुरू होत नसे. २०१७ पासून ती अटही गेली. तपासणी पॉझिटिव्ह आली की सीडीफोर कितीही असो, उपचार सुरू करायचे, हे देशाचं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. वेळेवर निदान झालेला आणि नेमानं गोळी घेणारा माणूस शेती करतो, गाडी चालवतो, लग्न करतो, नातवंडं बघतो. त्याच्या रक्तातला विषाणू इतका घटतो की व्हायरल लोडच्या तपासणीत दिसत नाही, आणि मग शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

हे ज्ञान परक्यांकडून उसनं आलेलं नाही. लवकर दिलेल्या औषधानं जोडीदाराची लागण टळते का, हे तपासणारा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. लवकर उपचार मिळालेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली होती. ज्या शहरांत हा अभ्यास झाला त्यांत चेन्नई होतं आणि आपलं पुणंही. पुण्यातल्या जोडप्यांनी वर्षानुवर्षं रक्त देऊन जगाच्या पदरात घातलेला हा निष्कर्ष पुण्यापासून दोन तासांवरच्या ओपीडीत पोहोचत नसेल, तर ती त्या माणसांशी केलेली बेइमानी आहे.

औषध आहे. ते फुकट आहे. ते देणारी केंद्रं आहेत. मृत्यू टाळणारी सगळी साखळी तयार आहे, तुटते ती पहिल्याच कडीशी.

राष्ट्रीय अंदाजांनुसार देशात २५ लाखांच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे, चार लाखांच्या जवळपास. लागण झालेल्या शंभरांतल्या ९५ जणांना आपली स्थिती माहीत असावी, हे २०२५ पर्यंत गाठायचं उद्दिष्ट होतं. अलीकडच्या सरकारी अहवालांत देशाचा आकडा ८० च्या आसपास दिसतो. म्हणजे पाचांतल्या एकाला आपल्याला काय झालंय हे ठाऊक नाही. साहेब, या पाचव्या माणसाला शोधायला जंगलात जावं लागत नाही. तो तुमच्या व्हरांड्यातल्या बाकावर केसपेपर हातात धरून बसला आहे. अंगावर नागीण आहे, महिनाभर जुलाब आहेत, वजन उतरलंय, तोंड आलंय, गुप्तरोगाची जखम आहे, टीबीचं औषध चालू आहे. एचआयव्ही तपासणी सुचवावी अशी चिन्हं याहून वेगळी नसतात.

सपाटीच्या भागात ३० हजार लोकांमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा निकष आहे. गरिबाचा आजार पहिल्यांदा तिथेच येतो. तिथे त्याला 'तालुक्याला जाऊन करून या' म्हणून चिठ्ठी देणं म्हणजे तपासणी नाकारणं. तालुक्याला जायचं तर एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, घरी कारण सांगावं लागतं. तिथे पोहोचल्यावर एलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, ट्रेनिंगला गेलेले असतात. मी चौदा वर्षं त्या चिठ्ठ्यांची वाट पाहिली आहे. किती चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या आणि किती माझ्या टेबलापर्यंत आल्या, याचा मेळ कधीच बसला नाही. मधली माणसं एसटी स्टँडवर हरवत होती.

आता तुमची कारणं एकेक घेते, कारण ती सगळी मला तोंडपाठ आहेत.

'किट संपलंय.' दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाकडून (डापकू) तुमच्याकडे, अशी किटची वाट आहे. या वाटेवर ते कुठे अडलं हे रुग्णाला सांगून उपयोग नाही. सर्पदंशावरच्या इंजेक्शनचा साठा शून्यावर येऊ द्यायचा नाही, एवढं भान तुम्हाला आहे. तेच या किटला लावा.

'एलटी रजेवर आहे.' गावातल्या गरोदर बाईची बोटातून रक्त घेऊन होणारी प्राथमिक तपासणी प्रशिक्षण मिळालेल्या आरोग्यसेविका करतात. उपकेंद्रात करतात, पोषण दिवसाला अंगणवाडीत करतात. ज्या हातांना गर्भवतीची तपासणी जमते, त्यांना तापाच्या रुग्णाची जमत नाही असं होत नाही. त्यांना रीतसर जबाबदारी द्या, किट द्या, हातमोजे द्या आणि कामाचा मोबदला द्या.

'आमच्या भागात तसले लोक नाहीत.' हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या रजिस्टरमधली पानं डोळ्यांसमोर आली आहेत. त्या पानांवर शिक्षक होते, पुजाऱ्याची सून होती, सैन्यातून परतलेला जवान होता, ज्यांनी नवऱ्याशिवाय कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही अशा बायका तर ओळीनं होत्या. 'तसले लोक' या दोन शब्दांनी जेवढी तपासणी अडवली, तेवढी किटच्या तुटवड्यानंही अडवली नसेल.

'रुग्णाला विचारायचं कसं? तो चिडेल.' विचारायला एक वाक्य लागतं : 'अशा आजारात आपण सगळ्यांचीच शुगर, टीबी आणि एचआयव्ही बघतो, तुमचीही करू का?' रुग्ण चिडतो तो त्याला वेगळं काढल्यावर. सगळ्यांना विचारलं जातंय हे दिसलं की तो हात पुढे करतो. नाही म्हणाला तर त्याच्या नकाराचा मान ठेवा, उपचारात काहीही कमी करू नका आणि पुढच्या भेटीला पुन्हा विचारा.

'गावात बातमी फुटते, म्हणून लोकच येत नाहीत.' हे मात्र खरं आहे, आणि याचा दोष लोकांवर टाकता येत नाही. रजिस्टर उघडं टेबलावर पडलेलं असतं. व्हरांड्यात नाव पुकारलं जातं. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनानं खूण केलेली असते, आणि शिपायापासून शेजारच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना त्या खुणेचा अर्थ ठाऊक असतो. बातमी दवाखान्यातून फुटते. ती थांबवणं हे दवाखान्याचंच काम आहे.

जमतंय तिथे जमतंय, याचा पुरावाही तुमच्याच घरात आहे. गरोदर बाईची तपासणी ठरलेली आहे, म्हणून ती होते. काहीच केलं नाही तर एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईला वेळेवर गोळी आणि बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. पंढरपूरच्या 'पालवी'त किंवा लातूर जिल्ह्यातल्या हासेगावच्या 'सेवालया'त जाऊन या. वेळ चुकली की काय होतं ते तिथल्या मुलांच्या वयाकडे पाहून कळतं, आणि वेळेवर गोळी मिळाली की काय होतं तेही तिथेच कळतं, कारण त्यांतली कितीतरी मुलं शिकून मोठी होत आहेत. एका तपासणीला तुम्ही रोजच्या कामाचा भाग केलंत, तर ती टिकली. मग नवरा, टीबीचा रुग्ण, गुप्तरोगाचा रुग्ण, तापानं कितव्यांदा तरी आलेला मजूर, यांनाच का वगळलं?

दोन ठिकाणी तर उशीर तासांवर येतो. बलात्कार झालेली बाई किंवा मुलगी, आणि सुई टोचलेला आरोग्य कर्मचारी. यांना लागण टाळणारं औषध ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितकं, सुरू करावं लागतं आणि २८ दिवस द्यावं लागतं. शनिवारी संध्याकाळी आरोग्य केंद्रात आलेल्या मुलीला 'सोमवारी सिव्हिलला जा' असं सांगणाऱ्यानं तिचे ते तास स्वतःच्या हातानं संपवले, असंच मी म्हणेन.

आणि दसरा कशासाठी, तेही सांगते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. पाच-सहा महिने पालात काढायचे. तिथे ना आशाताई ओळखीची, ना केसपेपर सोबत. जाण्याआधी गावात ज्याची तपासणी झाली आणि गोळी सुरू झाली, तो सोबत गोळ्या घेऊन जाऊ शकतो. ज्याची झाली नाही, तो उन्हाळ्यात परत येतो तेव्हा माझ्या त्या टेम्पोचालकासारखा येतो. म्हणून मुदत दसऱ्याची.

कायद्याचं सांगायचं तर, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या निदानाच्या सोयी, एआरटी आणि संधिसाधू आजारांवरचे उपचार उपलब्ध करून देणं ही त्यात केंद्र आणि राज्य सरकारांची जबाबदारी म्हटली आहे. त्या कलमात 'शक्य तेवढं' अशी सवलत आहे. तिच्या आड लपू नका. जे शेजारच्या आरोग्य केंद्रात शक्य होतं ते तुमच्या केंद्रात अशक्य का, याचं उत्तर लेखी मागितलं जाईल. याच कायद्यानं राज्यात लोकपाल नेमायचा आहे. तक्रार आल्यापासून तीस दिवसांत त्यानं आदेश द्यायचा आहे, आणि रुग्णाचा जीव धोक्यात असेल तर शक्यतो चोवीस तासांत. हा दरवाजा लोकांनी फारसा ठोठावलेला नाही. आता ठोठावला जाईल.

खासगी डॉक्टरांना वेगळं सांगते, कारण गावात पहिली सलाइन बहुतेकदा तुमच्याकडे लागते. दोन टोकांच्या चुका तुमच्या दवाखान्यांत होतात. जिथे विचारायला हवं तिथे तुम्ही महिनोन्महिने विचारत नाही. आणि ऑपरेशनच्या आधी मात्र न विचारता रक्त पाठवता, अहवाल रुग्णाआधी त्याच्या मेव्हण्याच्या हातात देता आणि 'आमच्याकडे सोय नाही, हलवा' म्हणता. माणसाला समजावून त्याची संमती घेतल्याशिवाय तपासणी करायला, त्याच्या संमतीवाचून ती उघड करायला आणि त्यापायी उपचार नाकारायला कायद्याची मनाई आहे. पहिल्या तपासणीत काही दिसलं तर तो निकाल नसतो. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्यांनी तो पक्का करायचा असतो. त्याआधी 'तुम्हाला एड्स आहे' असं सांगून तुम्ही संसार मोडले आहेत. मोडलेले संसार जोडायला नंतर मी बसत होते.

आमच्या मागणीचा कुणी उलटा अर्थ काढू नये, म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणानं रक्तदान केलं होतं. त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला, आणि तेव्हाच्या गोव्याच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला जुन्या टीबी रुग्णालयात एकटं डांबून ठेवलं. ६४ दिवस तो तिथे होता. त्याची आई लुसी डिसूझा हायकोर्टात गेली. पुढे डॉमिनिकनं एचआयव्हीबाधितांसाठी काम उभं केलं आणि १९९२ साली तो गेला. धाकानं तपासणी केली की काय होतं, ते त्या ६४ दिवसांनी दाखवून दिलं आहे. तेव्हा वेळेवर तपासणी हवी याचा अर्थ सक्तीची तपासणी हवी असा कुणी काढला, लग्नाआधी गावानं मुलीचा दाखला मागितला, कारखान्यानं मजुराचं रक्त तपासून त्याला टोळीतून काढलं, तर त्यांच्याविरुद्धही आम्हीच उभे राहू. हा इशारा त्यांनाही आहे.

आता मागण्या. दसऱ्यापर्यंत खालील गोष्टी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात झालेल्या दिसल्या पाहिजेत.

१. ओपीडीच्या प्रत्येक दिवशी, ओपीडीच्या पूर्ण वेळेत एचआयव्हीची प्राथमिक तपासणी मोफत उपलब्ध असेल. 'मंगळवारी या' हे उत्तर बंद.

२. किमान तीन महिने पुरेल इतका किटचा साठा असेल आणि तो किती आहे हे दर्शनी फलकावर लिहिलेलं असेल. साठा संपत आला तर रुग्णकल्याण समितीनं स्थानिक खरेदीचा ठराव करावा.

३. टीबी, गुप्तरोग, नागीण, न थांबणारे जुलाब, घटणारं वजन, वारंवार येणारा ताप, या प्रत्येक रुग्णाला तपासणी सुचवली का, तो काय म्हणाला, याची नोंद होईल.

४. प्रत्येक गर्भवतीच्या नवऱ्याला तपासणीचं निमंत्रण दिलं जाईल, आणि जिथे जोखीम आहे तिथे तिची तपासणी बाळंतपणाआधी पुन्हा होईल.

५. प्राथमिक तपासणीत संशय आलेल्या रुग्णाला चिठ्ठी देऊन सोडून देणार नाही. त्याच्या मर्जीनं सोबत माणूस देऊन किंवा नमुना पाठवून सात दिवसांत निकाल पक्का होईल आणि एआरटीशी त्याची गाठ घालून दिली जाईल.

६. ७२ तासांच्या आत द्यायच्या औषधाचा पहिला डोस केंद्रात चोवीस तास उपलब्ध असेल.

७. बोलायला दार लागणारी एक खोली, कुलूप लागणारं एक कपाट. केसपेपरवरच्या खुणा आजपासून बंद.

यांतल्या एकाही मागणीला नवी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही.

दसरा उलटल्यावर आम्ही काय करू तेही ऐका. आम्ही म्हणजे माझ्यासारखे माजी समुपदेशक, आशाताई, काही डॉक्टर, आणि गोळी चालू असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे. दुसऱ्याच दिवशी प्रत्येक आरोग्य केंद्राकडे माहिती अधिकाराचा अर्ज जाईल : वर्षभरात किट किती दिवस शून्यावर होतं, गरोदर बायका सोडून किती जणांची तपासणी झाली, संशयापासून पक्क्या निकालापर्यंत सरासरी किती दिवस गेले. एकाही रुग्णाचं नाव मागणार नाही, आकडे मागू. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील. आलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवू आणि ठरावाला जोडू. किट नाही म्हणून परतवलेल्या प्रत्येक माणसाची, त्याची संमती असेल तर, लोकपालाकडे स्वतंत्र तक्रार जाईल. तरी ढिम्म हलला नाहीत तर हे सगळे कागद घेऊन हायकोर्टात जनहित याचिका होईल, आणि तिथे 'निधीअभावी' हा शब्द तुम्हाला शपथपत्रावर लिहून द्यावा लागेल.

जागतिक एड्स दिनी, १ डिसेंबरला, तुम्ही दरवर्षी प्रभातफेरी काढता. शाळेची मुलं थंडीत उभी असतात, लाल फिती वाटल्या जातात, साहेबांचं भाषण होतं. या मागण्या अपुऱ्या राहिल्या तर यंदा त्या फेरीत आम्ही चालणार नाही. आम्ही त्या सकाळी जिल्हा परिषदेच्या दारात धरणं धरून बसू. आणि एक शब्द आत्ताच देऊन ठेवते : एचआयव्हीसह जगणाऱ्या एकाही माणसाला आम्ही कॅमेऱ्यापुढे उभं करणार नाही. तोंड दाखवायचं काम आमचं आहे.

शेवटी वाचणाऱ्यांना सांगते. अधिकाऱ्यांना इशारा देऊन आपली जबाबदारी संपत नाही. घरात कुणाला नागीण झाली, महिनाभर ताप हटत नाही, वजन उतरतंय, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तुम्हीच म्हणा, 'माझी एचआयव्ही तपासणी करा.' नवरा म्हणून म्हणा, म्हणजे बायकोला एकटीला म्हणावं लागणार नाही. शंका असेल तर १०९७ हा फोन मोफत आहे. जोखीम घडल्यानंतर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण सुरुवातीचे काही आठवडे लागण रक्तात दिसत नाही. शेजारच्या घरात कुणाची गोळी चालू आहे असं कानावर आलं तर ते तुमच्यापाशीच थांबू द्या. तपासणीची भीती किटमुळे वाटत नाही, आपल्या तोंडामुळे वाटते.

त्या टेम्पोचालकाची बायको आज रोज रात्री नऊ वाजता गोळी घेते. तिच्या रक्तात विषाणू दिसत नाही. मूल शाळेत जातं. एकदा तिनं मला विचारलं होतं, 'मॅडम, नागीण झाली तेव्हाच ही तपासणी केली असती तर हे जगले असते का?' मी खरं उत्तर दिलं. बहुधा हो.

हा प्रश्न यापुढे दुसऱ्या कुणा बाईला विचारावा लागला, तर उत्तर मी देणार नाही. ते त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं, तालुका आरोग्य अधिकाऱ्यानं आणि आरोग्य विभागाच्या सचिवांनी द्यायचं आहे, लेखी, सहीनिशी. मुदत दसऱ्यापर्यंत आहे.